नदीवर आलोय

सांता रुफिनाच्या आभाळात कुणी खरं बोलत नसे, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नसे. जमिनीवर हीच माणसं देवभोळी, दिल्या शब्दाला जागणारी, उसनी घेतलेली करवत दुसऱ्या दिवशी धार लावून परत करणारी. पण एकदा का विमानाची चाकं गवतावरून सुटली आणि रेडिओ हातात आला, की लोणकढी थाप ठरलेली. थापही सगळ्यांची एकच: "नदीवर आलोय, दोन हजार फूट." बोलणाऱ्याला त्या वेळी नदी दिसतसुद्धा नसायची.

त्यालाही कारण होतं म्हणा. मामोरे नदीच्या पलीकडे दोनशे किलोमीटर नुसती कुरणं आणि दलदल, आणि रस्ता वर्षातले सहा महिने पाण्याखाली. तिथल्या गुरांचं मांस शहरात यायचं ते एका पंख्याच्या छोट्या विमानांतून. मागच्या सीटा काढून टाकलेल्या, खाली ताडपत्री, ताडपत्रीवर पहाटे कापलेली गाय. ते विमान घेऊन ऐन उन्हात वीस मिनिटं घिरट्या घालायच्या म्हणजे काय वास सोसावा लागतो, ते सोसणाऱ्यालाच ठाऊक. सव्वाअकराला सांताक्रूसहून जेट यायचं, आणि जेट आलं की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. जो आधी नदीवर पोचला त्याचा नंबर आधी, असा टॉवरचा नियम. मग काय, कधीकाळी कुणीतरी पाच मिनिटं आधीच "नदीवर आलोय" म्हणून टाकलं. त्याचा नंबर लागला, खरं बोलणारा त्याच्या मागे लटकला, आणि दुसऱ्या दिवसापासून खरं बोलणारा कुणी उरलाच नाही.

टॉवरमध्ये नेलिदा युको बसायची. एकोणीस वर्षं झाली होती तिला. रडार-बिडार काही नाही. चारी बाजूंनी काचा, एक दुर्बीण, भिंतीवर घड्याळ, हातात माईक आणि पुढ्यात वही-पेन्सिल. कोण कुठे आहे हे ज्याने त्याने तोंडाने सांगायचं, तिने वहीत लिहायचं, आणि मग डोक्यात आभाळ मांडायचं. थापाड्यांचं आभाळ कसं मांडणार, असं कुणी विचारलं तर ती हसायची. कुणाची थाप किती लांबीची हे तिला पाठ होतं. ओस्मान रोका चार मिनिटं आधी बोलायचा, लिम्बर्ग कुएय्यार सहा. म्हातारा एवारिस्तो नोसा बरोब्बर पाच, इकडचा सेकंद तिकडे नाही. आणि तिचा स्वतःचा पोरगा एर्लान, चोवीस वर्षांचा, दीड वर्षापूर्वी परवाना मिळालेला, तो सात. आई टॉवरमध्ये आहे म्हटल्यावर हा सगळ्यांच्या पुढे. कुणी "नदीवर" म्हटलं की नेलिदाचं मन आपसूक तेवढी मिनिटं त्यात मिळवायचं. हाताला सवय झालेली बाई मीठ मोजत नाही, तसं. एकोणीस वर्षांत तिची आमटी एकदाही बिघडली नव्हती.

कोपऱ्यात एक करडी पेटी होती. टॉवरचं सगळं बोलणं तिच्यातल्या टेपवर उतरायचं आणि टेप राजधानीत, ला पासच्या मोठ्या साहेबांकडे जायची. टेप ऐकली तर काय, सगळं कसं कायद्यात बसलेलं. सगळे नदीवर, सगळे दोन हजार फुटांवर, सगळे शहाणे.

सप्टेंबरचा महिना होता. कुरणं जाळायचे दिवस. धूर असा बसला होता की धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाची ताडाची झाडंसुद्धा टॉवरमधून दिसत नव्हती. कायद्याने बघायला गेलं तर छोट्या विमानांना अशा वेळी येऊच द्यायचं नसतं. पण मांस काही हवा स्वच्छ व्हायची वाट बघत नाही, म्हणून नेलिदा प्रत्येकाला वेगळी परवानगी द्यायची आणि डोळ्यांत तेल घालून बसायची.

त्या बुधवारी अकरा वाजून बारा मिनिटांनी जेटच्या कॅप्टनने आवाज दिला. एकशे एकतीस माणसं आत, वारा पूर्वेचा, म्हणजे वळसा घालून नदीच्या बाजूने उतरायचं. नेलिदाने ते लिहून घेतलं. दोनच मिनिटांनी एवारिस्तोचा आवाज आला.

"टॉवर, नदीवर आलोय. दोन हजार फूट."

त्याचा आवाज ऐकून तिला बरं वाटलं. बारा दिवस म्हातारा उडाला नव्हता. त्याची बायको देल्मिरा पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर सांताक्रूसच्या इस्पितळात तापाने फणफणली होती, आणि हा खुर्ची सोडून हलला नव्हता. एवारिस्तो एर्लानचा धर्मपिता, त्यामुळे नेलिदा त्याला कोम्पाद्रे म्हणायची आणि तो तिला कोमाद्रे. म्हातारा उडतोय म्हणजे बाई बरी झाली असणार, असं तिने मनात धरलं. रेडिओवर घरचं विचारायचं नसतं, म्हणून विचारलं नाही.

एवारिस्तो, म्हणजे पाच मिनिटं. तिने ती मिळवली. म्हणजे म्हातारा अजून लिमोन्सितोच्या गोठ्यांवर असणार, नदीपासून अठरा किलोमीटर मागे. तो येईपर्यंत जेट उतरून, माणसं खाली उतरायला लागलेली असतील. तिने जेटला सांगितलं की नदीवर वळा आणि उतरा, तुमच्या पुढे कुणी नाही. एवारिस्तोला सांगितलं की सरळ या, तुमच्या पुढे जेट उतरतंय, त्याच्या मागे लागा.

 एवारिस्तो म्हणाला, "पुढे? मला पुढे कुणी दिसत नाहीये, कोमाद्रे."

"याल तेव्हा दिसेल," ती म्हणाली.

हे वाक्य तिला पुढे कितीतरी वर्षं झोपेतून उठवणार होतं. त्या वेळी मात्र तिने पेन्सिल कानावर ठेवली, दुर्बीण उचलली आणि नदीच्या दिशेने बघायला लागली.

दुर्बिणीत आधी दिवे आले. दोन, मग तिसरा, तपकिरी धुरातून हळूहळू उजळत गेलेले. जेट ठरल्या वेळेला, ठरल्या उतारावर होतं. दिव्यांच्या खाली, थोडा पुढे, एक पिवळा ठिपका होता. नेलिदाला वाटलं गिधाड असेल. जाळलेल्या कुरणांवर त्या दिवसांत गिधाडांची जत्रा भरते. गिधाडं पिवळी नसतात हे ध्यानात यायला तिला एक श्वास लागला.

मग जेट धुरातून बाहेर आलं. ते विमान ती रोज बघत होती, पण ते एवढं मोठं असतं हे तिला त्या दिवशी कळलं. पांढरंशुभ्र पोट, खाली सोडलेली चाकं, आणि त्या चाकांच्या खाली एवारिस्तोचं पिवळं विमान. दोघंही तिच्याकडे तोंड करून, एकाच उतारावरून, एकाच रेषेत, एक दुसऱ्याच्या डोक्यावर. खालच्याला वरचं दिसत नव्हतं, कारण त्याच्या डोक्यावर त्याचाच पंख होता. वरच्याला खालचं दिसत नव्हतं, कारण ते त्याच्या नाकाखाली होतं. साऱ्या जगात त्या दोघांना एकत्र बघणारी एकटी नेलिदा होती. तिचं बोट माईकच्या बटणावर होतं, पण तोंडात जीभ आहे की नाही याचा पत्ता नव्हता. सणाच्या मिरवणुकीत मोठा क्रूस डोक्यावरून जाताना माणूस जसा सगळं विसरून वर बघतो, तशी ती बघत राहिली. भीती नंतर आली. आधी आलं ते नुसतं नवल: इतकं मोठं काहीतरी इतक्या सावकाश, इतक्या गुपचूप घडू शकतं याचं.

दुर्बिणीत दोन्ही आकार एक झाले. पिवळं पांढऱ्यात गेलं आणि दिसेनासं झालं. नेलिदा आवाजाची वाट बघत उभी राहिली.

आवाज आला तो जेटच्या इंजिनांचा. कॅप्टनला काहीतरी दिसलं होतं. त्याने नाक वर उचललं आणि ते सगळं धूड टॉवरवरून असं गेलं की काचा थरथरल्या, घड्याळ तिरकं झालं आणि वहीची पानं आपोआप उलटली. आणि पांढऱ्याच्या खालून पिवळं सुटं झालं. एका पंखावर उभं राहिलं, जेटने मागे सोडलेल्या हवेत पालथं पडता पडता वाचलं, सरळ झालं, धावपट्टीवर आपटलं, उडालं, पुन्हा आपटलं आणि धावत सुटलं. दोन विमानांनी एकाच वेळी एकच जागा मागितली होती, आणि ती दोघांना पुरली होती. नेलिदाने छातीवर क्रूसाची खूण केली.

"टॉवर," जेटचा कॅप्टन म्हणाला. त्याचा आवाज भलताच शांत होता. "माझ्याखाली एक पिवळं विमान होतं. त्याच्या पंखावरचा नंबर मी वाचला. शेवटचे दोन आकडे चार आणि सात."

पंखावरचा नंबर कुणी वाचत नसतं हो. विमान जमिनीवर उभं असताना शिडी लावून बघावा लागतो तो. नेलिदाने कॅप्टनला पाच हजार फुटांवर जाऊन फिरत राहायला सांगितलं. तो म्हणाला, इथे फिरायला वीस मिनिटांचं इंधन आहे, नंतर मी परत सांताक्रूसला जाईन. 

तोवर एवारिस्तोने विमान पट्टीच्या कडेला नेऊन थांबवलं होतं. रेडिओ मात्र चालू ठेवला होता. तो धापा टाकत बोलत होता, पण चिडून नाही. तिने ऐकावं म्हणून सावकाश बोलत होता. त्याने सांगितलं की देल्मिराला ताप चढला त्या रात्री तो पवित्र क्रूसापुढे नवस बोलला: ही वाचली तर वर्षभर तोंडातून खोटं निघणार नाही. रेडिओवरसुद्धा नाही. बाई वाचली. आज पहिलं उड्डाण होतं. "नदीवर म्हणालो तेव्हा मी नदीवर होतो, कोमाद्रे. खाली पाणी दिसत होतं."

नेलिदाने वहीतली ती ओळ पुन्हा वाचली. 

"रविवारी फोनवर एर्लानलाही सांगितलं मी," तो म्हणाला. "म्हटलं, माझ्यासोबत तूही सोड. हसला कार्टा. म्हणाला, सोमवारपासून."

आज बुधवार होता, आणि या आठवड्यात एर्लान आजच पहिल्यांदा हवेत होता. मामोरेच्या पलीकडून मांस घेऊन निघालेली तीन विमानं त्या धुरात होती: ओस्मान, लिम्बर्ग आणि एर्लान. ओस्मान आणि लिम्बर्गने पाच-सहा मिनिटांपूर्वीच "नदीवर" म्हणून आपापला नंबर लावला होता. त्यांची मिनिटं मिळवली तर ओस्मान आता नदी ओलांडून अलीकडे असणार, आणि लिम्बर्ग आत्ता, या मिनिटाला, नदीवर पोचत असणार. म्हणजे ते अजून थापा मारत असतील तर. एवारिस्तोने आणखी कुणाकुणाला आपल्या नवसाचं ऐकवलं, कुणी ऐकलं, कुणी हसून सोडून दिलं, तिला काय ठाऊक? एकोणीस वर्षं जपलेला हिशेब एका म्हाताऱ्याच्या खऱ्या बोलण्याने मोडून पडला होता. डोक्यातलं आभाळ पार काळं झालं होतं.

घड्याळात अकरा वाजून एकवीस झाले, आणि नेमका तेव्हा एर्लान बोलला.

"टॉवर, नदीवर आलोय. दोन हजार फूट."

रोजचाच आवाज, रोजचंच वाक्य. रेडिओवर तिने त्याला कधी पोरगा म्हणून हाक मारली नव्हती आणि त्याने तिला कधी आई म्हटलं नव्हतं. नेलिदाने त्या आवाजात खरं-खोटं चाचपून बघितलं. लहानपणी हा दूध न पिता मांजराला पाजून यायचा, तेव्हा तोंड बघून कळायचं. इथे तोंड नव्हतं. एवारिस्तोचं रविवारचं बोलणं हसण्यावारी नेलं असेल तर एर्लान पंचवीस किलोमीटर मागे आहे, सुखरूप आहे. खरंच सोडलं असेल तर तो नदीवर आहे, दोन हजार फुटांवर, आणि लिम्बर्गही नदीवर आहे, दोन हजार फुटांवर, आणि मधे असा धूर की पंखाचं टोक दिसू नये. कधी कुठल्या आईने मागितलं नसेल ते तिने देवाकडे मागितलं: माझा पोरगा खोटं बोलत असू दे.

कुणाला कुठे वळवायचं? कोण कुठे आहे तेच माहीत नाही तर डावीकडे काय आणि उजवीकडे काय, दोन्ही सारखंच. तिने कोपऱ्यातल्या पेटीकडे बघितलं. टेप फिरत होती. मग तिने बटण दाबलं.

"सगळे ऐका," ती म्हणाली. "तुम्ही नदी सांगता तेव्हा नदीवर नसता, हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. मी प्रत्येकाची मिनिटं मनात धरून चालते. आज एवारिस्तो खरं बोलले, आणि मी त्यांचीही पाच मिनिटं धरली. जेटखाली ते माझ्यामुळे आले. आता मला कुणाचंच काही कळत नाहीये. खरंच कुठे आहात, ते सांगा."

रेडिओवर नुसती खरखर. तीन माणसं तीन विमानांत बसून त्या पेटीचा विचार करत होती, हे तिला बघितल्यासारखं कळत होतं. आता खरं सांगायचं म्हणजे आजवर खोटं सांगितल्याचं कबूल करायचं, तेही टेपवर, तेही परवाना देणाऱ्यांच्या कानात. घरी बायकापोरं, विमान दुसऱ्याच्या मालकीचं. कोण बोलणार?

"बोला की रे," जमिनीवरून एवारिस्तो म्हणाला. "मी मरता मरता राहिलोय. "

मग ओस्मानने घसा खाकरला. नदी आत्ता मागे टाकली, वीटभट्टीवर आहे, पंधराशे फूट, असं तो पोरासारखं खाली मान घालून बोलल्यागत बोलला. त्याच्या पाठोपाठ लिम्बर्ग, घाईघाईने: "दोन्या नेलिदा, मघाशी मी नदीवर नव्हतो. आत्ता आहे. जुन्या धक्क्यापाशी वाकण आहे ना, त्याच्यावर. दोन हजार."

उरला एर्लान. नेलिदाने डोळे मिटले.

"आई," तो म्हणाला, "मी खरंच नदीवर आहे. मलाही खाली तो धक्का दिसतोय."

नशीब म्हणायचं की तिला विचार करायला वेळच नव्हता. डावी-उजवी तिने सोडून दिली. कोण कुणाच्या कुठल्या हाताला आहे कोण जाणे. "एर्लान, वर चढ. आत्ता. पूर्ण जोर लाव. लिम्बर्ग, खाली या. आत्ता." दोघांनी "हो" म्हणायचीसुद्धा वाट बघितली नाही. तिला रेडिओवर एका इंजिनाचा कण्हण्याचा आवाज ऐकू आला, कुणाच्या तरी बटणावरचा अंगठा निघाला नव्हता. मग तोही थांबला.

टॉवरमध्ये नेलिदा एकटी उभी होती. काचेवर माश्या बसल्या होत्या. नदीच्या दिशेला तपकिरी भिंत, आणि त्या भिंतीमागे तिचा एकुलता एक पोरगा. यावेळी बघायलाही काही नव्हतं. बघून तरी काय करणार होती म्हणा. पाच हजार फुटांवर एकशे एकतीस माणसं पंख्याखाली बसल्यासारखी आरामात फिरत होती, कॅप्टनने मात्र सगळं ऐकलं असणार.  पाच वैमानिक त्या एका लहरीवर कान लावून होते.

"दिसला," लिम्बर्ग म्हणाला. त्याचा आवाज त्याचा वाटत नव्हता. "माझ्या काचेवरून वर गेला, दोन्या. चाक दिसलं मला. चाकाला चिखल लागलाय. ओला चिखल आहे त्याच्या चाकाला."

"दोन हजार आठशे," एर्लान म्हणाला. "चढतोय."

नेलिदाने टेबलाची कड धरली. रडली नाही. रडायला बसली असती तर ओस्मानला कुणी उतरवलं असतं? तिने ओस्मानला उतरवलं, मग लिम्बर्गला, मग एर्लानला. प्रत्येकाला ती विचारत होती, तो सांगत होता, आणि ती ते वहीत लिहून त्यात एक मिनिटही न मिळवता तसंच धरत होती. सांगितल्या जागी सांगितल्या वेळेला धुरातून विमान बाहेर येत होतं. एकोणीस वर्षं आभाळाशी व्यवहार करून तिने हे कधी बघितलं नव्हतं. माणूस म्हणाला भट्टीवर, आणि भट्टीवरून तो आला.  इतकं सोपं होतं हे.

सगळ्यात शेवटी जेट उतरलं. शिडी लागली आणि माणसं उतरायला लागली. टेबलपंख्याचं खोकं खांद्यावर घेतलेला एक जण, तीन पोरांना एका हाताने आवरणारी बाई, धुराने डोळे चोळणारी एक म्हातारी. मघाशी पहिल्यांदा उतरलो का नाही, यावर दोघं वाद घालत होते. नेलिदा एकेकाला वरून बघत राहिली. एकशे एकतीस मोजून होईपर्यंत ती खिडकीतून हलली नाही.

एर्लान आणि एवारिस्तो जिना चढून वर आले. पोराचा चेहरा राखेसारखा पडला होता. तिने त्याच्या गालावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. तो काही बोलायच्या आत एवारिस्तोने त्याला खुर्चीत बसवलं आणि नेलिदाला बाजूला घेतलं. म्हाताऱ्याने सगळा विचार करून ठेवला होता. ला पासहून फोन येणार, जेटच्या कॅप्टनने आतापर्यंत कळवलं असणार. तुम्ही सरळ सांगा, तो म्हणाला, की मी चुकीची जागा सांगितली. रडार नाही, साक्षीदार नाही, आणि छोट्या विमानवाल्यांचं बोलणं कसं असतं ते त्यांना टेपवर ऐकू येईलच, आणि तुम्ही स्वतःवर घेतलंत ते माझी थाप खरी मानून, असं म्हणा. कोण संशय घेणार? माझी त्रेसष्ट झाली, डोळेही पूर्वीसारखे राहिले नाहीत. तुमची खुर्ची राहील.

"आणि तुमचा नवस?" तिने विचारलं.

"नवस मी केलाय, कोमाद्रे. तुम्ही थोडाच केलाय?"

तिला त्याही स्थितीत हसू आलं. तेवढ्यात फोन वाजला.

साहेब सभ्य होता. आवाजावरून तरुण वाटत होता, आणि घाईत होता. टेप उद्या विमानाने पाठवा म्हणाला, तोपर्यंत मी कागदावर दोन ओळी लिहून घेतो. कॅप्टनचं म्हणणं त्याच्याकडे आलंच होतं. मग त्याने विचारलं, आणि विचारतानाच उत्तरही पुढ्यात ठेवलं: "छोट्या विमानाच्या वैमानिकाने आपली जागा चुकीची सांगितली. असंच झालं ना, मॅडम?"

एका "हो"चं काम होतं. खिडकीपाशी एवारिस्तो मुद्दाम पाठ करून उभा होता, जणू त्याला काही ऐकूच येत नव्हतं. एर्लान मात्र आईकडे बघत होता. नेलिदाने माईक धरून धरून गुळगुळीत झालेल्या आपल्या अंगठ्याकडे बघितलं. ही खुर्ची गेली तर तिला दुसरं काही येत नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"नाही," ती म्हणाली. "त्याने खरी जागा सांगितली. तुम्ही टेप ऐकाल तेव्हा नीट ऐका. सकाळपासून अकरा एकवीसपर्यंत त्या टेपवर छोट्या विमानांतला एकटाच माणूस खरं बोललाय, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही."

पलीकडे पेन थांबलेलं कळलं. साहेबाने विचारलं, "मग मी काय लिहू?"

"हेच लिहा," नेलिदा म्हणाली, आणि त्याला नीट लिहिता यावं म्हणून तिने आपलं नाव सावकाश, एकेक अक्षर करून सांगितलं.